न पिळलेले लंगोट

एल सेरितो, रविवार

आदरणीय आणि तितक्याच लाडक्या लाला मावशीस, एवेलियोचा गालाला गाल लावून नमस्कार.

पवित्र मातेच्या कृपेने तुझा गुडघा, तुझा खोकला आणि तुझा पोपट (याच क्रमाने) सुधारले असतील अशी आशा करतो. पोपट अजून पाद्रीबाबांना शिव्या देत असेल तर त्याला माझा वेगळा नमस्कार सांग. इकडे आई ठीक आहे. तिला तुझी आठवण रोज येते, विशेषतः माझ्याशी भांडताना. तेव्हा ती म्हणते, याला लहानपणीच लालाकडे टाकायला हवा होता. कोंबड्या ठीक आहेत. मी ठीक नाही, पण ते पुढे येईलच.

तू विचारलंस, कॉलेज अर्ध्यात का सोडलंस. तत्त्वासाठी सोडलं, मावशी. मातीशास्त्राचे सर भर वर्गात म्हणाले की तू इथे नुसता शरीराने बसतोस. मी म्हटलं, शरीराने बसावं असंही इथे काही नाही, आणि दार आपटून बाहेर पडलो. (त्याच सकाळी कळलं होतं की डेल्मीला मुलगी झाली आणि नेरी फरार आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.) डेल्मी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला आजीजवळ राहते ती. तिने वर बघावं म्हणून मी आंब्यावर चढलो होतो आणि हात मोडून घेतला होता, ती. नेरी म्हणजे सिमेंटचा ट्रक चालवणारा, दात चांगले असलेला एक मनुष्य. त्याच्याबद्दल मी याहून एक शब्दही लिहिणार नाही. (डुक्कर.)

आता बाळंतिणीने चाळीस दिवस थंड पाण्यात हात घालायचा नाही, हे तुला मी काय सांगायचं. आणि तिची आजी, दोन्या क्लेता, तिची बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. तेव्हा लंगोट धुणार कोण? मी अभिनंदन करायला गेलो तर दारात आजीच्या आधी त्या ढिगाचा वासच सामोरा आला. आंबूस, डोळ्यांत पाणी आणणारा. डेल्मी कानात कापूस घालून, शाल गुंडाळून खाटेवर बसली होती आणि शरमेने खाली बघत होती. मला संताप आला. (कोणावर, ते वर लिहिलं आहे.) संतापाच्या भरात मी म्हणालो, द्या इकडे! माणसाने रागात बोलू नये म्हणतात ते याचसाठी. बोललेलं मग रोज सकाळी टोपलीत भरून डोक्यावर न्यावं लागतं.

गावच्या धुण्याच्या टाक्यावर पुरुष कधी गेलेला नाही. गेला तर गाढवाला पाणी पाजायला. टाक्यावर जिचा शब्द चालतो त्या दोन्या चोनने मला बघितलं आणि ओरडली, “सरका गं बायांनो, कॉलेज आलंय! आता आपल्याला पाणी म्हणजे काय ते शिकवणार!” दुसरी म्हणाली, “बाप पुढे ट्रक हाकतो आणि हा मागची धूळ धुतो!” टाक्यातलं पाणीसुद्धा हसलं असेल. पण चोन बोलते तिखट आणि शिकवते मनापासून. आधी घाण झाडून गार पाण्यात हिसळायचं. गरम पाणी घातलं की डाग पक्का बसतो. मग काळा साबण चोळून, फेसासकट दगडावर उन्हात पसरायचं. पिवळेपणा ऊनच खातं. मग पुन्हा हिसळायचं, बोटांना बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत. साबण मागे राहिला तर बाळाने ओलं केल्याबरोबर वास उठतो. आणि निथळत तसेच दोरीवर घालायचे. पिळायचे नाहीत. लंगोट पिळला की बाळाचं पोट पिळवटतं आणि ते कुंथायला लागतं. मी म्हणालो, याला शास्त्रात आधार नाही. ती म्हणाली, “शास्त्र कॉलेजात टाकून आलास ना? मग गप धू.”

मी धुतले. असे धुतले, मावशी, की बाया हुंगून बघायला यायच्या. डेल्मी वाळलेला लंगोट तोंडाला लावून म्हणाली, “उन्हाचा वास येतो रे, एवेलियो.” त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जेवलो नाही. (आई म्हणते जेवलास, दुप्पट जेवलास. असेल.)

आणि मग एका सकाळी चोनने बातमी आणली: नेरी तिकडे तुमच्या राजधानीत दिसला, सिमेंटच्या वखारीत कामाला आहे, आणि मुलीची चौकशी करत होता. चौकशी! माझ्या हातात तेव्हा लंगोट होता. मी तो पिळला. मग दुसरा पिळला. मग टोपलीतले सगळे पिळले, एखाद्या चांगल्या दातांच्या माणसाची मान पिळावी तसे. कोणीतरी छातीवर क्रूस काढला.

दिवस मावळायच्या आत बाळ कुंथायला लागलं. छोटी नोएमी, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. सगळी गल्ली दारात, आणि सगळ्या गल्लीची नजर माझ्यावर. दोन्या क्लेता म्हणाली, उपाय एकच, बापाचा घामेजलेला सदरा. त्यात बाळ गुंडाळायचं. बाप कुठे आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी अंगणात तिथल्या तिथे सदरा काढला. म्हणालो, “घ्या. घामाला काही कमी नाही.” म्हातारीने माझ्याकडे बघितलं, माझ्या बरगड्यांकडे बघितलं आणि सदरा आत नेला. मी उघडा उभा होतो, मावशी, पण इतके चांगले कपडे मी जन्मात घातलेले नाहीत. आतलं रडणं हळूहळू खाली आलं आणि थांबलं. चोनने पाठीत थाप मारली, “झालास रे बाप, मुडद्या!” मी तसाच घरी गेलो आणि आईला सांगितलं की मी लग्न करतोय. आईने घेवडा वाढला.

दुसऱ्या सकाळी टोपली उचलायला गेलो. माझा सदरा खुर्चीवर घडी करून ठेवलेला होता, कोरडा, न वापरलेला. आणि टोपलीत सगळ्यात वर होता एक निळा सदरा, बाळाने माखलेला, शिवणीत सिमेंट अडकलेला. तो गेल्यापासून तिने पेटीत जपला होता. न धुता.

मी तो टाक्यावर नेला. काळा साबण, लिंबू, ऊन. पुन्हा साबण, पुन्हा ऊन. पिळला नाही. चोन बघत होती. तिने आपला उन्हातला दगड मला मोकळा करून दिला. संध्याकाळच्या आत घडी करून नेऊन दिला आणि शाबासकीसाठी उभा राहिलो. तिने तो तोंडाला लावला. मग कॉलर हुंगली, मग काख, मग पुन्हा कॉलर. म्हणाली, “काहीच राहिलं नाही रे.” रागावली असती तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. ती रागावली नाही. तो सदरा मांडीवर पसरून म्हणाली, “आता मला त्याच्याकडे जावंच लागेल. इतके दिवस तो पेटीत तरी होता.”

मी मुद्दाम धुतला होता, मावशी. आणि फार चांगला धुतला होता.

असो. आता मी मोकळा आहे. तिला मी विसरलो आहे. पत्राच्या सुरुवातीपासून माझ्या हे लक्षात येत आहे. जानेवारीत कॉलेजला परत जाईन म्हणतो. तुझ्या गुडघ्याला माझ्या वाट्याची सगळी प्रार्थना.

तुझा आज्ञाधारक (आईला विचारू नकोस) भाचा,
एवेलियो

ता. क. हे पत्र ज्या मुलीने तुझ्या हातात दिलं ती तीच. पाकीट मी डिंकाने चिकटवलं आहे, तेव्हा तू सवयीप्रमाणे मोठ्याने वाचत असशील तर आत्ताच थांब. तिला आधी गरम चॉकलेट दे. चाळीस दिवस संपले आहेत, तरी थंड पाणी देऊ नकोस. ती म्हणेल, एकच रात्र राहते. ऐकू नकोस.

ता. क. २. वखारीत तिला एकटीला जाऊ देऊ नकोस. तू बरोबर जा, काठी घेऊन. त्याच्याकडे दुसरी कोणी आहे का ते तू आधी बघ, डेल्मीला मागे उभी ठेवून. असली, तर दोघींना घरी घेऊन ये, म्हणजे डेल्मीला आणि बाळाला, आणि मला कळव. मी त्याच दिवशी बसने निघेन. सदरा घालून.

ता. क. ३. तो भला निघाला तर काही लिहू नकोस. पत्र आलं नाही की मी समजेन. पण आमच्याकडे टपाल फार हरवतं, आणि न लिहिलेलं पत्र आणि हरवलेलं पत्र यांतला फरक मला इथून कळणार नाही. मी आपला दर बसला थांब्यावर जाऊन उभा राहीन. म्हणून, भला निघाला तरी एक ओळ टाक.