बारा नंबरचा आवाज

नांदेड,
मंगळवार, २ सप्टेंबर २००८

चि. बसवराज यास,

आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिलं.

परवा रविवारी, ३१ ऑगस्टला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, लातूरला तुझ्या क्लासच्या हॉलमध्ये तू माझ्या सिंथेसायझरमधला बारा नंबरचा आवाज पुसलास. वेळ नक्की आहे. तुझी शिल्पा मला आत चहाला घेऊन गेली तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं. शिल्पाला सांग, चहा चांगला होता. तिच्यावर राग नाही.

पाच वाजता तुझ्या गुणवंतांच्या सत्काराआधी प्रार्थना वाजवायला मी बारा नंबर लावला, पहिली पट्टी दाबली आणि ‘टण्ण!’ मागून कुणीतरी ओरडलं, "सुट्टी झाली रे!" अख्खा हॉल हसला. तूही हसलास, बसू.

मी मलप्पाकडे पाहिलं. तुझ्या क्लासमध्ये काही बिघडलं की शिपायाकडेच बघायची पद्धत आहे. तो बिचारा म्हणाला, "मी न्हाई मॅडम. सरच मघाशी घंटा बनवायले व्हते."

मग तू म्हणालास, "अगं मावशी, चुकून झालं. तास बदलायची घंटा रेकॉर्ड करून घ्यायची होती. मला वाटलं, मे महिन्यातलं काहीतरी जुनं असेल. एक आवाजच तर होता!"

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ‘चुकून’ म्हणणाऱ्या मुलीला सिस्टर विचारायच्या, "हात कोणाचा होता?" मीही तेच विचारते. मशीनच्या मेमरीला मी कुलूप घालून ठेवते. ते काढायला दुसऱ्या पानावर जावं लागतं. मग नवा आवाज कुठल्या नंबरवर ठेवायचा ते निवडावं लागतं. त्यानंतरही ते मशीन, ज्याला ना नातं ना गोतं, पडद्यावर विचारतं: नक्की ना? तू ‘हो’चं बटण दाबलंस. मशीनने तुला विचारलं. तू मला विचारलं नाहीस. मी पलीकडच्या खोलीत चहात बिस्कीट बुडवत बसले होते.

वर मलाच उपदेश: "कॉपी ठेवायची ना!" ठेवली होती. ती फ्लॉपी आता उघडत नाही.

तो आवाज कंपनीने दिलेला नव्हता. निवृत्त झाल्यावर बसून मी तो घडवला होता. एका पेटीचा. नुसती पेटी कुठल्याही मशीनमध्ये सापडते. मला तीच हवी होती. तिच्या भात्याला चीर होती, म्हणून सुरात थोडी हवा मिसळली. वर्षानुवर्षं तिचे सूर कुणी जुळवले नव्हते, म्हणून चांगले सूर केसभर बिघडवले. आणि तिची एक पट्टी उशिरा बोलायची. दाबली की आधी श्वास, मग सूर. त्या एका पट्टीपायी माझा अख्खा उन्हाळा गेला.

आवाजाला नाव द्यायला मशीनमध्ये इंग्रजी अक्षरंच आहेत. मी एम, ए, वाय लिहिलं.

तू वाचलंस, मे. वाचणारच. आठवीला तू माझ्याकडे राहायला आलास तेव्हा तुला इंग्रजी वाचायला मीच शिकवलं. पण त्याआधी, औशाजवळच्या तुमच्या घरात, शाळेतून आल्या आल्या दारातूनच तू एक हाक मारायचास. आक्का पेटी वाजवता वाजवता म्हणायची, "हाय रे, हितंच हाय!" तरी तुझी हाक थांबायची नाही. ती हाक इंग्रजीत लिहून बघ.

लग्नात आक्काबरोबर आमच्या घरून गेलेली ती पेटी. विसर्जन करून दमून झोपलेलं गाव पहाटे भूकंपात दगडमातीखाली गेलं, त्यात आक्का गेली, तुझे वडील गेले, पेटी गेली. तू इथे माझ्याकडे होतास. पंधरा वर्षांत तू तिचं नाव काढलं नाहीस. पोरगं अभ्यासात बुडालंय तर बुडू दे, म्हणून मीही काढलं नाही. रविवारीही मी काही बोलणार नव्हते. नुसती वाजवणार होते.

कालपासून तुझे फोन येताहेत. मी उचलत नाही. राग आहेच. पण माझा उजवा कान गेलाय आणि डावा त्याच वाटेला लागलाय. फोनवर मला आता शब्द लागत नाहीत. भात्याची ती बारीक हवा तर मुळीच ऐकू येत नाही. म्हणजे तो आवाज पुन्हा घडवायला माझे कान उपयोगाचे नाहीत. ती पेटी माझ्याइतकी ऐकलेला दुसरा माणूस तूच उरला आहेस.

म्हणून उत्तर लेखी हवं. ‘सॉरी मावशी’ नको. ‘हो’ दाबण्याआधी बारा नंबर एकदा वाजवून ऐकलास का, ते लिही. ऐकला नसशील तर तसं लिही. ऐकूनही ओळखला नसशील, तर तेही लिही. मी ते वाचू शकेन. आणि उशिरा बोलणारी पट्टी कोणती, ते लिही. मला माहीत आहे. तुला आठवते का, ते बघायचंय.

रविवारी, १४ तारखेला, अनंत चतुर्दशी आहे. गल्लीतला गणपती विसर्जनाला उठायच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. पोस्टावर भरवसा नसेल तर स्वतः घेऊन ये. मेमरीचं कुलूप मी काढून ठेवते. तोवर बारा नंबरवर तुझी घंटाच राहील.

मावशी

ता. क. पट्टी बरोबर निघाली, तर वरचा आशीर्वाद मनापासून दिला असं समज.