राणीचा पती घोड्यावरून आला

यावल, वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप हस्तीमल मामासाहेब यांच्या चरणी भाचा पारसमलची धोक.

मामीसाहेबांचे गुडघे आता कसे आहेत? धुळ्यात ऊन कसं आहे हे विचारत नाही, कारण इथल्या उन्हानेच माझं वाटोळं केलंय.

तुम्ही शब्द टाकून बोदवडच्या अमृतलालजींना तयार केलंत. तंबूत सिनेमा दाखवणाऱ्याला पोरगी द्यायची म्हणजे त्यांचं मन धजत नव्हतं. आधी तुमचा एखादा देवाधर्माचा खेळ बघू, मग बोलू, असं म्हणून ते, त्यांची पत्नी सज्जनबाई आणि लेक प्रेमकुंवर परवा आले. मी मुद्दाम एका पतिव्रता राणीचं चित्र मागवलं होतं. (सोबत एक डाकूचंही होतं, पण ते पाहुणे गेल्यावर लावणार होतो.) आता आमचा मशीनवाला झुलाल. डबे तापले म्हणून या शहाण्याने दोन्ही चित्रांची रिळं बाहेर काढून केळीच्या पानांवर गार करायला मांडली, आणि संध्याकाळी हाताला येईल ते रीळ दिसेल त्या डब्यात भरलं.

पहिलं रीळ ठीक गेलं. शापाने हरवलेल्या पतीसाठी राणीने डोळे मिटून हात जोडले, "नाथ, आता तरी या." पुढचं रीळ लावलं, तर काळ्या घोड्यावरून बंदूक घेऊन डाकू आला. खेळ थांबवावा तर लोक तंबू पाडतील, चालू ठेवावा तर सोयरीक मोडेल. बायकांनी मात्र पडद्याला हात जोडले. आमची पाणी भरणारी भिकुबाई (मूळची तुमच्या धुळ्याकडची) बाकीच्यांना समजावत होती, "देवच शे तो, घोडावर बशीसन उना." पुढे डाकूच्या अड्ड्यात बाई नाचली, की लगेच जटाधारी ऋषी उठून शाप देऊ लागले, आणि सगळ्या तंबूला ते पटलं. फौजदाराने डाकूवर गोळी झाडली तर आकाशातून फुलं पडली. मी उपरण्यात तोंड खुपसून मशीनमागे उभा होतो.

दिवे लागले तेव्हा सज्जनबाई डोळे पुसत होत्या. अमृतलालजींनी पडद्यासमोर नारळ फोडला. असं धर्माचं चित्र उभ्या जन्मात पाहिलं नाही म्हणाले, शुक्रवारी सगळा गोतावळा घेऊन येतो, हेच लावा. आता हेच म्हणजे कोणतं, हे ना मला ठाऊक ना झुलालला. काल राणीचं चित्र सरळ लावून पाहिलं, तर घोडा कुठे गेला म्हणून लोकांनी मशीनवर केळीची सालं फेकली. मला तर अन्न गोड लागत नाही.

घरातल्या थोरांना धोक, लहानांना पापा.

तुमचा बुडालेला भाचा,
पारसमल

ता. क. : शुक्रवारी येऊन अमृतलालजींना बोलण्यात गुंतवून ठेवा, म्हणजे त्यांचं पडद्याकडे लक्ष जाणार नाही.

आणखी ता. क. : खरं काम वेगळंच आहे. प्रेमकुंवर जाताना मशीनपाशी थांबून हळूच म्हणाली, "दोन चित्रं होती ना? त्या डाकूचं शेवटी काय झालं ते कळवा, मग मी माझं सांगते." मामासाहेब, मला हीच मुलगी हवी आहे. पण डाकूचं शेवटचं रीळ पानांसकट शेजारच्या म्हशीने चघळलं, आणि मी ते चित्र कधी पाहिलेलंच नाही. तुम्ही धुळ्यात पाहिलंय. डाकू जगला असेल तर ताबडतोब तार करा. मेला असेल तर साधं पत्र टाका, ते पोचेपर्यंत तेवढेच दिवस आशेचे मिळतील.