चार पाटल्या आणि पडणारा भाव

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. उद्या लोक विचारतील, सुधाकरजी, तुम्हाला आधीच कसं कळलं? पुरावा हवा. सोन्याचा भाव हा फुगा आहे. फुटणारच. बँकेत उभा जन्म गेला, करन्सी मला कोणी शिकवू नये.
प्लॅन : मंजिरीच्या चार पाटल्या आत्ता विकायच्या, भाव पडला की सहा घ्यायच्या. लेकीचं, निधीचं लग्न फेब्रुवारीत. दोन पाटल्या फुकट!

४ सप्टेंबर
मंजिरी म्हणते, सासूबाईंनी माझ्या हातात घातल्या, मी निधीच्या घालणार. म्हटलं, घाल ना, सहा घाल. बायकांना मार्केट कळत नाही.

६ सप्टेंबर
विकल्या. सराफ सुशांतजी इंदुरी थाटात दोनदा म्हणाले, भिया, सोच लो. सोचणारे गरीब राहतात. पाटल्या समोरच वितळवल्या. मंजिरी रडली. तिला कचोरी खाऊ घातली. खाल्ली नाही. मी दोन्ही खाल्ल्या.

२७ सप्टेंबर
भाव वाढला. उत्तम. जितका वर, तितका आपटेल.

१५ ऑक्टोबर
पुष्य नक्षत्र. अख्खं इंदूर सराफ्यात. मुहूर्तावर सोनं घेणारे अडाणी लोक! ह्यांच्यामुळेच भाव चढतो. गर्दी ओसरली की बघा.

२८ ऑक्टोबर
पडला!!! म्हटलं नव्हतं? मंजिरी चपला घालून दारात उभी. तिला परत बसवलं. अजून पडेल. घाई करायची नाही.

१२ नोव्हेंबर
चढला. टेम्पररी.

२१ डिसेंबर
पोह्याच्या दुकानात मित्राला, दिवाकरला समजावलं : सोनं महाग होत नाही रे, रुपया स्वस्त होतो. महागाई नोटेला आतून पोखरते, सोनं जागेवरच असतं. तो थक्क. पोह्याचे पैसे त्यानेच दिले.

२९ जानेवारी
सुशांतजींकडे. आपल्या रकमेत घडणावळ, टॅक्स धरून दोनच पाटल्या बसतात. अजून थांबू म्हटलं. मंजिरीने पर्स माझ्या हातातून काढून घेतली आणि दोन घेतल्या. पॅनिक बायिंग म्हणतात ह्याला.

८ फेब्रुवारी
लग्न. निधीच्या एकेका हातात एकेक पाटली. व्याही अप्पासाहेब म्हणाले, सोन्याने तर कमाल केली. मांडवातच सांगितलं त्यांना : सोनं नाही हो वाढत, रुपया पडतोय, मी कधीपासून ओरडतोय. चार माणसं जमली ऐकायला.
मंजिरी निधीची पाटली सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्हाला एवढं माहीत होतं, तर सोनं देऊन रुपये का घेतलेत?
मी पंगत कुठवर आली ते बघायला गेलो.