मुठीखालचा नंबर

प्रिय शिवा,

तुझ्या मेहुण्याला, सुमंगलाच्या भावाला बसवेशला, पुण्यात काम निघालं म्हणून त्याच्याच हाती हे पत्र द्यायलेय. हातात मोबाईल असताना अक्का कागद कामून काळे करायली, असं म्हणशील. म्हण. फोनवर तू मला बोलूच देईनास. मी तोंड उघडलं की तुझं सुरू, पिस्तुलाचं काय झालं, कधी पाठवतेस. आता वाचताना तुला मधे तोंड घालता येणार न्हाई. तेवढंच मला बरं.

अप्पा गेल्यापासून ते पिस्तूल माझ्या डोक्याला ताप होऊन बसलंय. आज्याकडून अप्पांकडे आलं तेव्हा सोपं असेल, आता न्हाई. लायसन अप्पांच्या नावाचं, ते अप्पांबरोबर संपलं. आता ते कपाटात ठेवणं हाच गुन्हा, हे मला ठाण्यातल्या मृत्युंजय हवालदारांनी सांगितलं. तू काय सांगितलंस? साडीत गुंडाळ, पिशवीत घाल, वरून ज्वारीचं पीठ टाक आणि उदगीरच्या बसनं निघ, कोण बघायलंय. अरे शाण्या, दोन राज्यांची हद्द, वाटेत तपासणी नाका, आणि मी हळ्ळीखेडच्या शाळेतली बाई! पेपरात फोटो आला असता माझा, पिठाच्या पिशवीसकट. परवाना नसलेल्या माणसानं ते उंबऱ्याबाहेर पण नेऊ नये. म्हणून मी ठाण्याला कळवलं आणि तुम्हीच येऊन न्या म्हणून अडून बसले.

मृत्युंजय अण्णा जीपनं आले. मी कपाटाची किल्ली दिली आणि लांब उभी राहिले. त्यांनी नळी भिंतीकडे धरली, चक्री उघडून रिकामी आहे का पाहिलं, कपाटातल्या गोळ्या वेगळ्या थैलीत घातल्या, पिस्तूल वेगळ्या पेटीत, आणि दोन्हीला कुलूप. त्याआधी नळीतून काय निघालं माहितेय? झेंडूचं वाळलेलं फूल. आईनं खंडेनवमीला खोवलेलं. ते फूल तळहातावर घेऊन हवालदार माझ्याकडे बघायले, मी जमिनीकडे.

इथवर ठीक होतं. पुढं ठाण्यात गेल्यावर नंबर जुळेना. लायसनवर जो नंबर तोच पिस्तुलावर पाहिजे, न्हाईतर ते अप्पांचंच कशावरून? आणि पिस्तुलावर नंबरच न्हाई! नुसती गुळगुळीत चकचकीत जागा, मधे कुठं तीन की आठ कळत न्हाई असला एक आकडा. तिथले साहेब म्हणाले, नंबर चोर पुसतात. शिवा, माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. पण बोलणार काय? तुला आठवतंय ना, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आई विळे, कोयता, नांगराचा फाळ, देवघरातली पितळेची भांडी, सगळं घासायला घ्यायची. अप्पा गोळ्या काढून पिस्तूल पण तिच्या पुढ्यात ठेवायचे. आणि ती त्याला चिंच लावून, विटेचा चुरा आणि राख घेऊन, समईसारखं घासायची. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी! नंबर राहील कसा?

हे सांगायला आईलाच ठाण्यात न्यावं लागलं. ती साहेबांसमोर खुर्चीत बसली आणि कानडीत त्यांनाच झापायला लागली. देवापुढं मांडायची वस्तू काळीकुट्ट कशी मांडू, तुझी आई घासत न्हाई का रे, म्हणून. मी कपाळाला हात लावला. साहेब हसले ते बरं झालं. पण हसून नंबर थोडाच उगवतो? कागद जिल्ह्याला गेले, तपासणारा माणूस रजेवर, मग आला तर पिस्तूल इथं आणि तो तिथं. मी शाळेतून अर्धी रजा टाकून खेपा घालायची, घरी आले की आई विचारणार, झालं का गं, आणि तेवढ्यात तुझा फोन. एक दिवस मी रस्त्यातच रडले बघ. रागानं.

शेवटी त्या तपासणाऱ्यानं मुठीची लाकडी पट्टी स्क्रू काढून उघडली. आत, लाकडाखाली, तोच नंबर दुसऱ्यांदा कोरलेला होता. आईचा हात तिथवर पोचलाच नव्हता. लायसनशी आकडा न् आकडा जुळला. आईला सांगितलं तर म्हणाली, बघ, तेवढंच घासायचं राहून गेलं.

म्हणजे आता ते वारसाच्या नावावर करता येतं. तू रीतसर अर्ज केला असतास तर तुझ्या पण. मृत्युंजय अण्णांनी विचारलं, कुणाच्या नावावर करायचं. मी म्हणाले, कुणाच्याच न्हाई, सरकारजमा करा. चिडलास ना? चीड.

लहानपणी तू त्या पिस्तुलाला भ्यायचास. पूजेला सगळे बसले की तू आईच्या पदराआड. अप्पांच्या तेराव्याला पण तूच म्हणालास, ते लोखंड एकदाचं घराबाहेर काढा. मग तुझ्या वर्कशॉपला कुलूप लागलं, आणि तेच लोखंड तुला हवंसं झालं. लायसन कसं मिळतं, हे तू एकदा पण विचारलं न्हाईस. परवा विचारलंस ते एवढंच, "अक्का, गोळ्या पण आहेत ना?" माझी भाकरी तव्यावर जळाली. तू फोन ठेवलास आणि मी सुमंगलाला लावला. ती म्हणाली, जेवत न्हाईत, खाली गाडीत एकटेच बसून राहतात, वर यायचं नाव घेत न्हाईत.

मला भीती वाटायलीय, शिवा. तू स्वतःला काही करून घेशील याची. बाकी पिस्तूल, नंबर, खेपा, हे सगळं वर लिहिलं ते हे लिहायचा धीर होईना म्हणून.

सरकारजमा करायला तिघांच्या सह्या लागतात. आईची झाली, माझी झाली. तुझी पोस्टानं मागवली तरी चालते म्हणाले. मी न्हाई म्हणाले, तो स्वतः येईल. वर्कशॉपचं तुला इथं कुणी विचारणार न्हाई, आईला तशी तंबी दिलीय. बोलायचं असेल तर मी आहे, गप बसायचं असेल तर तुझ्यासंगं गप बसेन. बिदरला एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ. आता वर बघ. सुमंगलानं कपड्यांची पिशवी भरून ठेवलीय, ती पण येतेय. आणि बसवेशला पुण्यात दुसरं काहीच काम न्हाई. तो तुला न्यायला आलाय.

वाट बघणारी, तुझीच
अक्का