फॅमिली गावाला आहे

४ जानेवारी १९८७, रविवार

खोटं बोललो. खोली मिळाली!

तीन रविवार डोंबिवलीभर फिरतोय. प्रत्येक दारात एकच प्रश्न — "फॅमिली आहे ना?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. एकाने तर दाराची साखळीसुद्धा काढली नाही. त्रेचाळीस वर्षांचा माणूस मी, केमिकल कंपनीत स्टोअरकीपर. दारू नाही, पत्ते नाहीत, विडी नाही. पण एकटा म्हणजे जणू अंगावर पुरळच उठलंय!

आज खाडीकडच्या बाजूला गेलेलो. तिथल्या जुन्या वस्तीतल्या आवडाबाई. स्वतःच्या जागेत वर-खाली मिळून आठ खोल्या बांधल्यात, भाड्याने देतात. ओट्यावर सुकी करंदी, बारीक कोळंबी, निवडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकल्या बापयाला मी खोली देत नाय. बायको हाय कं?"

"आहे. गावाला असते."

"नाव काय तिचा?"

आली पंचाईत! त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर वीणा घेतलेली देवी. म्हटलं, "सरस्वती."

"बरा नाव हाय. कवा आनतंस?"

"आईचं वर्षश्राद्ध झालं, की आणतो."

आई गेली, एवढं तरी खरं आहे.

७ जानेवारी

सामान आणलं. एक ट्रंक, एक लोखंडी खाट, स्टोव्ह, वहिनीने दिलेला जुना कुकर. टेम्पोवाला म्हणाला, "बाकीचं दुसऱ्या खेपेला का?"

परळला दादाच्या खोलीत नऊ माणसं. पुतण्याचं लग्न झाल्यावर मी गॅलरीत झोपायचो, पाय कुणाच्या तरी वाटेत यायचेच. इथे पाय कुठेही पसरा. आवाज फक्त स्टोव्हचा. तो बंद केला, की एकदम कळतं, आपण किती वेळ काही बोललेलो नाही.

१२ जानेवारी

भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. एकाच पातेल्यात दोन्ही कसं जमतं, देव जाणे.

१८ जानेवारी, रविवार

शेजारच्या खोलीतली हेमा दारात आली. पंचवीस-सव्वीसची असेल, नवरा बँकेत. तिच्याकडे हळदीकुंकू होतं. हातात तिळगूळ आणि एक साबणाची डबी, गुलाबी प्लास्टिकची. "भावोजी, हे वहिनींचं वाण. आल्या की द्या हं."

मी म्हणालो, "ती खूश होईल." एवढं सहज निघालं तोंडातून, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

माझा साबण रोज खिडकीच्या कट्ट्यावर विरघळून जातो. तरी ती डबी काही घेतली नाही. दुसऱ्याची वस्तू.

१ फेब्रुवारी

आज एक चपाती गोल झाली! चारातली तिसरी. अगदी वाटी ठेवून कापल्यासारखी. दाखवायला कोणी नाही. दहा मिनिटं ताटात तशीच ठेवून बघत बसलो, मग खाल्ली. बाकीच्या तिघींचं वर्णन करत नाही.

सकाळी साडेपाचला खालच्या नळावर रांग लागते. बायका मला पुढे सोडतात — "जाऊ दे गं, घरात बाईमाणूस नाही त्यांच्या." सरस्वतीमुळे माझी बादली आधी भरते.

८ फेब्रुवारी

पोस्टमन सगळ्यांचं टपाल आवडामावशींच्या ओट्यावर टाकून जातो. (आता मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांनीच सांगितलं, बाई म्हणू नको.) आज त्यांनी मला अडवलं.

"गुनाजी, तुला एक पन पत्र येत नाय. बायकोला लिवता येतं कं?"

"येतं की. सातवी शिकलीय."

घरी आलो आणि कपाळावर हात मारला. कशाला शिकवली सातवीपर्यंत!

१४ फेब्रुवारी, शनिवार

आंतरदेशीय पत्र आणलं. संध्याकाळभर तेच. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. तिरपं-तिरपं आलं. बाईचं वाटतं.

पण बायको नवऱ्याला लिहिते तरी काय? मला कधी कुणी लिहिलेलं नाही. आईचं दुखणं सोळा वर्षं चाललं. त्यात माझं लग्नाचं वय कधी निघून गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा! शेवटी नमस्कार लिहिला, तब्येतीची चौकशी लिहिली. उरलेल्या जागेत गाईबद्दल लिहिलं. गाय बरी आहे.

उद्या कल्याणला बाजारात कांदे-लसूण आणायला जाणार आहेच. तिकडच्या पेटीत टाकीन. इथल्या नको.

१८ फेब्रुवारी

आलं!

सोमवारपासून वाट बघत होतो. त्यात काय लिहिलंय ते पाठ आहे, तरी कंपनीतून येताना पाय भराभर पडत होते. मावशींनी लांबूनच हाक मारली — "आला रे तुजा पत्र!" दोन-तीन दारं उघडली. मी उगाच खिशात घातल्यासारखं केलं. वर येऊन दार लावून नीट कडेने फोडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

गाय बरी आहे.

४ मार्च

आता दर रविवारी कल्याण. कांद्यांचा ढीग झालाय कोपऱ्यात.

सरस्वती आता जरा मोकळी झालीय. मागच्या पत्रात गाईबद्दल चार ओळी होत्या, या वेळी एकही नाही. सरळ विचारलंय — ओला टॉवेल अजून खाटेवरच टाकता ना? तीन दिवस तिथेच होता. उचलला, दोरीवर घातला.

खाली शेवटी लिहिलंय, "मला तिकडे कधी नेणार? इथे करमत नाही." हे वाक्य लिहायचं माझ्या मनात नव्हतं. लिहून गेलं. वाचताना मात्र तिथे अडखळलो. तिला उत्तर काय द्यायचं?

८ मार्च

मावशी म्हणाल्या, "पत्र आला, का तू शालेतल्या पोरावानी दिसतंस." हेमा हसली. मीही.

१७ मार्च, मंगळवार

सगळं फिसकटलं.

मावशी बाजारात गेलेल्या, म्हणून पत्र हेमाने घेतलं. इतके दिवस पोस्टाचा शिक्का पुसट यायचा. आज नेमका ठसठशीत! माझ्या हातात पत्र देताना हेमाने आवाज खाली केला. "भावोजी, वहिनी कल्याणला कधी आल्या?"

मी काहीच बोललो नाही. तेच चुकलं. दिवेलागणीपर्यंत वर-खाली आठही खोल्यांत पोचलं — याची बायको गावाला नाहीच, रुसून कल्याणला बसलीय. हेमाचे मिस्टर जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चालायचंच संसारात." त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झालीत!

मावशींनी मात्र ओट्यावर समोर बसवलं.

"मारलंस कं तिला?"

"नाही हो मावशी!"

"मंग कोनाकडं बसलीय ती? खरा सांग."

म्हणालो, "भावाकडे." एका माणसाची दोन माणसं झाली.

"रविवारी मी येतंय तुज्यासंगं. पाडव्याला ती या घरान पायजे."

१८ मार्च

नळावर आज कोणी पुढे सोडलं नाही.

२० मार्च

ताप आलाय म्हणून सांगून पाहिलं. मावशी काढा घेऊन वर आल्या. कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "ताप नाय. भ्यालायस. भिऊ नको, मी बोलेन तिच्याशी."

मग दारातून वळून, "बाई मानूस हाय. कोनी न्यायला आला का लगेच येते."

काढा प्यालो. कडू होता.

२२ मार्च, रविवार

झालं ते लिहून ठेवतो.

मावशी सकाळीच तयार. नवीन लुगडं, अंबाड्यात अबोली. पिशवीत ओटीचं सामान — नारळ, तांदूळ, खण, हिरव्या बांगड्या. सरस्वतीच्या भावासाठी सुकी करंदी वेगळी बांधून घेतलेली. निघताना हेमाने गॅलरीतून हात केला.

कल्याणला उतरलो. चालायला लागलो. कुठे, ते मलाच माहीत नाही. एक गल्ली, दुसरी गल्ली. मनात म्हणत होतो, एखाद्या दाराला कुलूप दिसलं, की सांगू हेच घर, बाहेर गेलेत वाटतं. पण रविवार होता, सगळी दारं उघडी. ऊन चढलं. मावशींना धाप लागायला लागली. तरी पिशवी माझ्याकडे देईनात — ओटीचा सामान बापयानं धरायचा नसतो म्हणे.

"गुनाजी," त्या थांबल्या. "हे भांड्याचा दुकान तिसऱ्यांदा आला."

काळ्या तलावाच्या पायरीवर बसवलं त्यांना. पाणी आणून दिलं. त्या प्याल्या, पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे बघत राहिल्या.

"मावशी, भाऊ नाही."

"नाय मंजे? घरान नाय?"

"भाऊ नाहीच. सरस्वती पण नाही. माझं लग्नच झालेलं नाही. खोलीसाठी बोललो."

त्यांना एकदम कळलंच नाही. मग म्हणाल्या, "आनि पत्रं? ती कोन लिवत होता?"

"मीच."

वाटलं, ओरडतील. चार माणसं जमतील. तेही चाललं असतं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि तलावाकडे तोंड केलं. बोलल्या ते माझ्याशी नव्हेच.

"एकवीरेला बोललेय मी. वरसाच्या आत हिची कूस उजव, खन-नारल घेऊन डोंगर चडून येन. अशी बोललेय. नसलेल्या बाईसाठी!"

माझ्यासाठी कोणी कधी देवाला काही मागितलं असेल, हेच मला नवीन होतं.

"खोली खाली कर. पाडवा झाला का जा."

परत आलो. घराच्या वळणावर रिक्षातून उतरल्यावर त्या उभ्या राहिल्या. "येकदा तरी खरा बोलायचास."

"खरं बोललो असतो, तर खोली दिली असतीत?"

त्यांनी विचार केला. खरंच केला.

"नाय," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

२३ मार्च

अजून त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. हेमा विचारत होती, "वहिनी काय म्हणाल्या?" मी जिना चढून गेलो.

कंपनीतून सुटल्यावर पूर्वेला एक जागा बघायला गेलेलो. "फॅमिली?" या वेळी सरळ सांगितलं — नाही, एकटाच आहे. त्या माणसाने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं.

२४ मार्च

ट्रंक भरायला घेतली. पाच पत्रं निघाली. जाळून टाकावीत म्हणून स्टोव्ह पेटवला. त्यावर चहा केला. पत्रं ट्रंकेत तळाशी ठेवली.

गंमत म्हणजे आज चारही चपात्या गोल झाल्या.

२५ मार्च, बुधवार

कंपनीतून आलो तर माझ्या दारात चपलाच चपला. दार उघडं. मावशींकडे दुसरी किल्ली असते. आत सगळ्या बिऱ्हाडांतल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. हेमाचे डोळे लाल. तिचे मिस्टर उठून पुढे आले, माझा दंड धरला. आवडामावशी खाटेपाशी जमिनीवर बसलेल्या.

"सांगितला मी सगल्यांना, तुज्या तोंडून निगत नवता म्हनून," त्या म्हणाल्या. "कल्याणला दवाखान्यान गेली तुजी सरस्वती. आपन पोचायच्या आदीच." मग माझ्या डोळ्यांत बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "खोलीची कालजी करू नको. बायको गेलेल्या मानसाला मी घराभायेर काडत नाय."

हेमाने पिठलं-भात आणून पुढे ठेवला. मला वाटलं, आता हसू फुटणार. खाली बसलो, पहिला घास उचलला आणि रडू आलं. आई गेली तेव्हासुद्धा एवढं आलं नव्हतं. थांबेचना. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं. कोण, ते मी बघितलं नाही.