पहिला फोटो दिवसाचा

कडोदरा, ८ डिसेंबर १९९४

ती. ताईस,
सुकदेवचा सा. न. वि. वि.

भाऊबीज करून तुझ्याकडून निघालो त्याला महिना झाला आणि पोचल्याचं पत्र आज लिहितो आहे. रागावशील, पण कान पकडायला अंमळनेरहून तुझा हात पुरत नाही. सुरतेतल्या प्लेगच्या भीतीने पळून आलेल्या भाऊ-भावजयीला तू दीड महिना सांभाळलंस. वत्सला अजून तुझ्या हातच्या कळण्याच्या भाकरीचं नाव काढते.

गल्ली पुन्हा भरली आहे, कारखाना दोन्ही पाळ्यांत चालू आहे, पण माणसं बदलली. कोणी खोकलं की चार खिडक्या बंद होतात. समोरच्या मालतीबाईला साधा दमा, तोही जुना. घरमालकाने दोन दिवसांत तिच्याकडून खोली खाली करून घेतली. शेठनेही खोकणारे दोन कारागीर घरी बसवले.

तू विचारलं होतंस की रात्रभर काळ्या आभाळाचे फोटो काढून मिळतं काय. आकाशगंगेत जी काळी भगदाडं दिसतात ना, ती रिकामी जागा नाही, ताई. ती धूळ आहे. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवते म्हणून काळी दिसते, आणि जवळ एखादा ठळक तारा असला की तीच धूळ निळी-पिवळी उजळते. डोळ्यांना ते रंग दिसत नाहीत. फिल्मला दिसतात, पण तिला वीस मिनिटं एकटक बघू द्यावं लागतं. मी फिटर माणूस, यंत्र घरीच केलं. दोन फळ्या, एक बिजागरी, मध्ये लांब बोल्ट. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि दर पंधरा सेकंदांनी बोल्टला पाव फेरा. मग कॅमेरा आभाळाबरोबर फिरतो. वीस मिनिटांत ऐंशी वेळा. एक पाव चुकला की तारे लांबट येतात. चलथाणच्या पुढे एका उसाच्या शेतावर आपल्या पारोळ्याकडचा भटू राखणीला असतो, त्याच्याकडे बसतो.

गेल्या खेपेला कतारगामच्या स्टुडिओवाल्याने "आमां कंई नथी", यात काहीच नाही, म्हणत रोल परत केला, तोही फोटोंच्या मधोमध कापून. एक चित्र कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हेच त्याला कळेना. आता मी युक्ती केली आहे. रोल घातला की पहिला फोटो भर दिवसा काढायचा, दारात उभ्या माणसाचा. त्यावरून त्याला कापायचं माप मिळतं. आमच्या दारात उभं राहायला दुसरं माणूस कोण? म्हणून वत्सला. ती म्हणते, माझा उपयोग कातर कुठे मारायची हे दाखवण्यापुरताच. दर अमावस्येला एक रोल होतो. हे पहिले फोटो माझ्या कामाचे नाहीत, तुला पाठवत जाईन. या खेपेचा सोबत आहे.

दाजींना नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून लोभात कपात करू नकोस.

तुझा
सुकदेव


अंमळनेर, १९ डिसेंबर १९९४

चि. सुकदेव यास अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. लग्नाला नऊ वर्षं झाली, तुला बायकोचा एक धड फोटो काढायला सुचलं नाही, आणि आता सुचलं तेही रोल कापणाऱ्याच्या सोयीसाठी. धन्य आहेस. दाजींनी फोटो रेडिओवर उभा केला आहे. डोक्यावर पदर, हातात साड्यांचे धागे कापायची कातर, आणि तोंडावर तुझ्यावरचं हसू. छान आली आहे.

माझी चौथीची पोरं तुझ्यापेक्षा लवकर ऐकतात, तरी सांगते. थंडीत उघड्यावर बसतोस तर कानाला मफलर बांध, आणि वत्सलाला एकटं टाकून किती रात्री जायचं याला काही हिशेब ठेव.

पत्र लिहीत जा. न लिहिलंस तर मी लोभ करायचं थांबणार नाही, पण बोलून दाखवीन.

तुझी
रुक्मिणीताई


कडोदरा, २७ जानेवारी १९९५

ती. ताईंना,
वत्सलाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र यांना माहीत नाही. पोस्टमन दुपारी येतो, हे तेव्हा कामावर असतात, म्हणून तुम्ही उत्तर दिलं तरी ते माझ्याच हातात पडेल.

तुमच्याकडून आल्यापासून मला खोकला आहे. संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामाने चोळी भिजते. संक्रांतीच्या दिवशी रुमालाला लाल लागलं. त्यानंतर दोनदा. घास उतरत नाही.

बाजूला रात्रपाळीचे लूम धडधडतात, त्यामुळे माझा खोकला गल्लीला ऐकू जात नाही. घरातल्या माणसाला मात्र जातो. हे घरी असले की मी उशीत तोंड खुपसते, नाहीतर मोरीत जाऊन बादलीत पाणी सोडते. हे शेतावर गेले की मोकळी खोकते. म्हणून मीच यांना सांगते, आज आभाळ स्वच्छ आहे, जाऊन या. भाकरी बांधून देते. यांना वाटतं बायकोलाही आवड लागली. किती खूश होतात.

यांना सांगितलं तर उद्याच हाताला धरून दवाखान्यात नेतील. गल्ली बघेल, घरमालक खोली काढून घेईल, शेठ कामावरून काढेल. मालतीबाईचं सामान रस्त्यावर पडलेलं मी बघितलं आहे. आणि यांच्या पोटात काही राहत नाही, ताई, सगळं तोंडावर येतं. ऊन पडलं की खोकला जाईल. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही, पण माझ्या गळ्याची शपथ आहे. यांना कळवलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल.

चुकलं असेल तर पोटात घाला, आणि माया पातळ करू नका.

तुमची
वत्सला


अंमळनेर, ४ फेब्रुवारी १९९५

सौ. वत्सलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुला रागावू की रडू? हा प्लेग नव्हे, बाई. हा क्षय असणार. माझ्या शाळेतल्या शिपायाला झाला होता, तो आज घंटा वाजवतो आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, फक्त महिनोन्‌महिने न चुकता घ्यावं लागतं. कडोद्र्यात जाऊ नकोस, सुरतेला जा. तिथे तुला कोण ओळखतं? धागे कापून झालेल्या साड्या पोचवायला चालले म्हणून सांग, पण या आठवड्यात जा.

आणि मेलेल्या तोंडाची शपथ कसली घातलीस! मी पोरांना वर्गात शपथा घेऊ देत नाही, आणि माझेच हात तू बांधून ठेवलेस. सुकदेवला मी काही लिहीत नाही. पण तू औषध सुरू केल्याचं मला कळव, म्हणजे गप्प राहिल्याचं पाप डोक्यावर राहणार नाही.

माया पातळ होण्याची भीती तू बाळगू नकोस, तब्येतीची बाळग.

तुझी
रुक्मिणीताई


अंमळनेर, १० मार्च १९९५

चि. सुकदेव यास अनेक आशीर्वाद.

आतापर्यंत पाठवलेले चारही पहिले फोटो सोबत परत पाठवते आहे. हरवू नकोस. तारखेप्रमाणे ओळीने मांड, आणि धुळीतले रंग शोधायला जे भिंग वापरतोस ते घेऊन एकेक नीट बघ. डिसेंबरचा आधी, मार्चचा शेवटी. मी काही सांगत नाही. दुसऱ्या कोणाला न दिसणारं मला दिसतं असं जो म्हणतो, त्याने स्वतःच बघावं.

काय दिसलं ते उलट टपाली कळव. एवढं माझं ऐक आणि मग हवा तेवढा लोभ माग.

तुझी
रुक्मिणीताई


कडोदरा, ८ एप्रिल १९९५

ती. ताईस,
सुकदेवचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण कारण ऐकशील तर माफ करशील. ज्येष्ठा फिल्मवर आली! पहाटे ती शेतावर चांगली वर येते. वीस मिनिटं धरून एकही पाव चुकला नाही. ताऱ्याभोवती पिवळा धूर, त्याच्या वर निळा, आणि तिथून काळे ओघळ निघून थेट आकाशगंगेत शिरलेले. स्टुडिओवाला जो "कंई नथी" म्हणाला होता, त्याने स्वतः मोठी प्रत काढून काउंटरमागे लावली. गिऱ्हाईकं विचारतात हे काय, तर म्हणतो, धूळ.

तुझे चार फोटो भिंगाखाली बघितले. तू हुशार आहेस, मला जे कळायला चार महिने लागले असते ते तू घरी बसून पकडलंस. वत्सला डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये पुष्कळ बारीक दिसते. पण ती खोड लेन्सची आहे. चित्राच्या कडेला उभं राहिलेलं माणूस आवळलं जातं, ताऱ्यांचंही तसंच होतं. मी तिला दर वेळी थोडं बाजूला उभं करत गेलो, चौकट दिसावी म्हणून. बांगड्या कोपरापर्यंत गेलेल्या दिसतात त्याचं तिला विचारलं, तर म्हणाली, धागे कापताना मध्ये येतात म्हणून वर सारते. पुढच्या खेपेला बरोबर मधोमध उभी करतो.

तिची काळजी करू नकोस. हल्ली तीच मला घराबाहेर काढते. एप्रिलअखेर अमावस्या आहे, सलग चार रात्री जा म्हणाली. मी रजा टाकली आहे. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ माझ्यावर आहे तेवढाच ज्येष्ठेवरही असू दे.

तुझा
सुकदेव


अंमळनेर, १५ एप्रिल १९९५

सौ. वत्सलास अनेक आशीर्वाद.

औषध चालू आहे असं तू फेब्रुवारीत लिहिलंस. गोळ्या कोणत्या रंगाच्या, दिवसाला किती, याचा त्यात एक शब्द नाही. मी वीस वर्षं पोरांचे खोटे दाखले वाचते आहे, वत्सला. तू गेलीच नाहीस.

आता माझं ऐक. एक मेला निकाल लावते आणि त्याच रात्री गाडीत बसते. दोन तारखेला अक्षय्यतृतीया, आपली आखाजी. आखाजीला लेकी माहेरी जातात, त्यात कोणी काही विचारत नाही, ना घरमालक ना गल्ली. तुझे आईबाप नाहीत, तर माझं घर तुझं माहेर. सहा महिने इथे राहशील, औषध घेशील, आणि ठणठणीत होऊन परत जाशील. सुकदेवला त्याच दिवशी मी समोर बसवून सांगणार आहे. मग शपथेचं काय व्हायचं ते होवो.

पंधरा दिवस कळ काढ. एका पेटीत कपडे भरून ठेव.

तुझी
रुक्मिणीताई


कडोदरा, २४ मे १९९५

ताई,

तेरावं करून तू गेलीस. दुसऱ्या आठवड्यात मी पिठाचा डबा घासायला काढला, तर त्याच्याखाली तुझी पत्रं होती. चार फेब्रुवारीचं आणि पंधरा एप्रिलचं. मी दोन्ही वाचली. तेरा दिवस तू या खोलीत माझ्याशेजारी बसून रडलीस, आणि मी तुलाच विचारत होतो की असं एकाएकी कसं झालं. तू म्हणालीस, देवाची मर्जी.

अठ्ठावीस एप्रिलच्या रात्री मी बोल्टला पाव फेरे देत होतो. पहाटे आलो तर ती मोरीत होती. बादली लाल होती. खांदा द्यायला भटू आणि कारखान्यातले तिघं आले. गल्लीतली दारं लागलेली होती. तार मिळून तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिने तुला मेलेल्या तोंडाची शपथ घातली होती ना? ती तू पाळलीस, म्हणून ते तोंड तुला बघावं लागलं नाही. मी बघितलं.

तू मला फोटो परत पाठवलेस. भिंग लाव म्हणालीस. मी तुझ्या शाळेतला पोर आहे का, की मला कोडं घालावंस? एका ओळीत लिहायचं होतंस, तिला रक्त पडतं. कारखान्यात फोन करायचा होतास. खोली गेली असती, काम गेलं असतं, आम्ही तुझ्या ओसरीवर पडलो असतो.

माझं मला ठाऊक आहे. सव्वीस तारखेला मी तिला मधोमध उभं केलं. तिला उभं राहवेना, तिने चौकट धरली. मी म्हणालो, हात खाली घे, चौकट सरळ दिसायला हवी. तिने घेतला. हे मी जन्मभर विसरणार नाही, आणि तुझी दोन पत्रंही विसरणार नाही.

घरमालकाने खोली सोडायला महिनाअखेरची मुदत दिली आहे. कुठे जाईन ते ठरलेलं नाही. मलाही थोडा खोकला आहे, धावपळीचा, संध्याकाळी अंग मोडून येतं, एवढंच. तू येऊ नकोस. पत्र टाकू नकोस, आलं तर फोडणार नाही. लोभाचं काही लिहायला हात वळत नाही.

सुकदेव


कडोदरा, सोमवार, २९ मे १९९५

चि. सुकदेव,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, म्हणून फोड. तासभर कडी वाजवते आहे, तू उघडत नाहीस, म्हणून तुझ्या पायरीवर बसून लिहिलं आणि दाराखालून सरकवते आहे.

तुझ्या पत्रातला एकही शब्द खोटा नाही. मी भित्री निघाले. शपथेला भ्यायले असंही नाही. भावजयीच्या मनातून उतरेन, ताईवर तिचा विश्वास राहणार नाही, याला भ्यायले. आखाजी आली की सगळं नीट जमेल, कोणाला कळणारही नाही, असं मनाशी धरून बसले. सगळ्यांच्या नजरा सांभाळल्या आणि तिला गमावलं. याची भरपाई नाही, आणि तुझ्याकडे मी ती मागायलाही आलेले नाही.

तुझं पत्र काल दुपारी उघडलं. तुझ्या संध्याकाळच्या तापाची ओळ वाचली आणि रात्रीच्या गाडीत बसले. आता इथे बसून आतला खोकला मला ऐकू येतो आहे. तो धावपळीचा नाही. तसा खोकला तुलाही आता ओळखता यायला हवा. तिच्याशेजारी एका खोलीत तू सहा महिने झोपलास.

गल्लीतल्या खिडक्यांतून लोक बघत आहेत. घरमालक मघाशी आला होता, त्याला मी मोठ्याने सांगितलं की भावाला क्षयाच्या तपासणीला नेते आहे. सकाळी आधी कारखान्यात जाऊन आले, शेठलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, मग पुन्हा पाठवू नका. बरं म्हटलं. म्हणजे आता लपवण्यासारखं तुझ्यापाशी काही उरलं नाही, आणि मी कोणती शपथही ऐकून घेणार नाही.

रिक्षा नाक्यावर उभी करून ठेवली आहे. मला जे बोलायचं ते बोल, जन्मभर बोल, पण रिक्षात बसून बोल.

रुक्मिणी