खुंटीकडे गेलेला हात

माझ्या नाटकवाल्या देवश्रीले,
बालाघाटहून आजीचा आशीर्वाद. मले अक्षर येत नाही, म्हणून शेजारची पुष्पलता लिहून राह्यली. अक्षर वाकडं असन तर तिले हस, मले नको.

परवा तुह्यं नाटक पाह्यलं. नवरा-बायकोचं जुनं नाटक, नावबी कोणाले माहीत नाही, पण हॉल भरला होता. त्यातल्या नवऱ्यानं खुंटीवरची टोपी घ्याले हात वर केला, अन् बायको झालेली तू भिंतीकडं तोंड फिरवून कान झाकला. काय टाळ्या पडल्या! बक्षीसबी तुलेच. नाटकाचे मास्तर मले म्हणे, "आजी, हे मी शिकवलंच नव्हतं."

कोणी शिकवलं ते मले समजलं. तुहा आजा होता तोवर मीबी तसाच कान झाकत होती. मले काही कोणी बक्षीस देल्लं नाही.

जावईबापू, तुहे बाबा, माह्या बाजूलेच बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, नुसते तुह्याकडं पाहत राह्यले.

फोन करू, तर ते स्पीकरवर ठेवतात. आता पुष्पलता म्हणते, "आजी, देवश्री हिंदी शाळेतली. माह्यं वाकडं मराठी अक्षर तिले कुठं लागते? जावईच वाचून दाखवतीन."

हौ बाई. मंग हे पत्र चुलीत जाऊ दे. उद्याच्या बसनं मीच तुह्या गावाले, लालबर्राले, येऊन राह्यली. दारातच कंबर धरून बसीन, रडीन, 'सेवेले नात पाहिजे' म्हणीन अन् तुले घेऊनच निघीन. नाटक का तुले एकटीलेच येते?

फक्त माह्यं पाहून हसू नको.

तुही भेदरलेली,
अहिल्या आजी